हायजिनसचं १४८२ सालचं पुस्तक आणि तारकासमूहांच्या ग्रीक कथा: कशाला केव्हाचं म्हणायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात वाटण्यासाठी तारकासमूहांच्या ग्रीक कथांची मराठी पुस्तिका करायची आहे. प्रश्नकर्त्यांना १४८२ साली व्हेनिसला छापलेल्या 'पोएटिकॉन ॲस्ट्रोनॉमिकॉन' या पुस्तकाची स्कॅन केलेली पानं मिळाली आहेत. लेखक हायजिनस, भाषा लॅटिन, चित्रं देखणी. ही चित्रं 'प्राचीन ग्रीकांनी काढलेले तारकासमूह' म्हणून छापावीत का? कथा याच पुस्तकातून घ्याव्यात का? आणि एकाच तारकासमूहाच्या तीन-चार कथा सापडतात, त्यातली खरी कोणती?

तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच अडचण आहे. अशा पुस्तकाच्या एका पानावर निदान तीन काळ एकमेकांवर बसलेले असतात. कथा एका काळची, ती सांगणारा मजकूर दुसऱ्या काळचा आणि शेजारचं चित्र तिसऱ्याच काळचं. १४८२ हे साल फक्त छापखान्याचं आहे. हे तीन थर वेगळे केले की बहुतेक शंका आपोआप सुटतात. एकत्र ठेवले, तर पंधराव्या शतकातल्या व्हेनिसच्या कारागिराचं चित्र 'प्राचीन ग्रीक' म्हणून छापलं जातं, आणि ते पुढे शंभर ठिकाणी उचललं जातं.

उत्तर काही अंशी पुस्तिका कुणासाठी आहे यावरही अवलंबून आहे. पाचवी-सहावीच्या मुलांना द्यायची असेल, तर प्रत्येक तारकासमूहाची एकच कथा पुरे, फक्त ती 'एका सांगण्यानुसार' अशी द्यावी. मोठ्यांसाठी असेल, तर कोणती कथा कुणी सांगितली हे लिहायलाच हवं. मी दुसरा वाचक गृहीत धरून लिहितो, कारण तुम्ही मूळ पानांपर्यंत पोचला आहात.

आधी मजकुरांबद्दल. आज हाती असलेलं सर्वांत जुनं सलग ग्रीक वर्णन म्हणजे आराटसचं 'फायनोमेना' हे काव्य. इसवी सनापूर्वी साधारण २७५च्या सुमाराचं, ११५४ ओळींचं. आराटस मूळचा किलिकियातल्या सोलोई गावचा, मॅसेडोनियाच्या अँटिगोनस गोनाटस राजाच्या आश्रयाला होता. आकाशाची माहिती त्याने आपल्या आधीच्या युडॉक्सस या ग्रीक ज्योतिर्विदाच्या गद्य ग्रंथावरून घेतली आणि पद्यात बांधली. काव्याच्या उत्तरार्धात तर हवामानाची चिन्हं आहेत. म्हणजे हा मुळात कथासंग्रह नव्हे. कथा अधूनमधून येतात, त्यातली सर्वांत गाजलेली कन्येची. सुवर्णयुगात माणसांत वावरणारी न्यायदेवता रुपेरी युगात डोंगरांत दूर जाते आणि कांस्ययुगात माणसांना कंटाळून आकाशात निघून जाते.

कथांचा खरा संग्रह एराटोस्थेनिसच्या नावावर आहे. पृथ्वीचा परीघ मोजणारा तोच हा. पण आज 'कॅटॅस्टेरिझ्मी', म्हणजे 'ताऱ्यांमध्ये नेऊन बसवणं', या नावाने जे ४४ प्रकरणांचं छोटं ग्रीक पुस्तक मिळतं, तो नंतर कुणीतरी केलेला संक्षेप आहे. मूळ मोठा ग्रंथ हरवला. म्हणून अभ्यासक 'एराटोस्थेनिसच्या नावावरचं' असं जपून म्हणतात, तुम्हीही तसंच म्हणा.

हायजिनस यानंतरचा, लॅटिनमधला. त्याच्या ग्रंथाचे चार भाग आहेत. पहिल्यात गोल, अक्ष, वर्तुळं अशा व्याख्या, दुसऱ्यात कथा, तिसऱ्यात प्रत्येक आकृतीत कुठल्या अवयवावर किती तारे याची मोजणी, चौथ्यात आकाशातली वर्तुळं आणि ग्रह वगैरे. तुम्हाला लागणारा मजकूर जवळजवळ सगळा दुसऱ्या भागात आहे. हा हायजिनस म्हणजे सम्राट ऑगस्टसने गुलामीतून मुक्त केलेला, पॅलाटिन ग्रंथालयाचा प्रमुख गायस युलियस हायजिनस, असं बऱ्याच ठिकाणी बेधडक लिहिलेलं दिसेल. विद्वानांचं त्यावर एकमत नाही. पुस्तिकेत नुसतं 'हायजिनस' लिहिलं की पुरतं. 'पोएटिकॉन ॲस्ट्रोनॉमिकॉन' हे नावही छापील आवृत्तीमुळे रूढ झालं, आजचे संपादक 'दे आस्ट्रोनोमिया' म्हणतात. त्याच नावावर 'फाबुलाए' हा दंतकथांचा वेगळा संग्रहही आहे. दोन्हींची गल्लत फार होते. 'हायजिनस, कथा क्रमांक अमुक' असा संदर्भ दिसला तर तो बहुधा 'फाबुलाए'चा असतो, तारकासमूहांच्या ग्रंथाचा नसतो.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे 'खरी कथा कोणती' याचं उत्तर एका तारकासमूहावर सांगतो. मराठीत आपण ज्याला शौरी म्हणतो, तो हर्क्युलिस घ्या.

आराटसच्या काव्यात हर्क्युलिस हे नाव या आकृतीला नाहीच. तो म्हणतो, श्रमलेल्या माणसासारखी ही आकृती आहे, तिचं नाव कुणालाच खात्रीने सांगता येत नाही, तो कसल्या कष्टात आहे तेही नाही, म्हणून लोक त्याला नुसतं 'एन्गोनासिन', गुडघ्यावर टेकलेला, म्हणतात. म्हणजे सर्वांत जुन्या हाती असलेल्या काव्यात ही आकृती अनामिक आहे. एराटोस्थेनिसच्या नावावरच्या संग्रहात त्याला नाव मिळतं: हा हेराक्लिस (हर्क्युलिसचंच ग्रीक नाव), हेस्पेरिडीस या अप्सरांच्या सफरचंदांवर पहारा देणाऱ्या सर्पावर उभा. शेजारी कालेय म्हणजे ड्रॅको असल्यामुळे ही जुळणी नैसर्गिक आहे.

मग हायजिनस येतो आणि सगळ्यांची मतं एकत्र मांडतो. एराटोस्थेनिसच्या मते हर्क्युलिस. टेगियाच्या अरायथसच्या मते लायकाऑनचा मुलगा केटिअस, अस्वल झालेल्या मुलीसाठी आकाशाकडे हात करून विनवणी करणारा. हेगेसिआनाक्सच्या मते थिसिअस, त्रोयझेनचा दगड उचलताना. आणखी कुणी म्हणतं थामिरिस, म्यूझ देवतांनी आंधळा केलेला, शरण येऊन गुडघे टेकलेला. कुणी म्हणतं ऑर्फिअस, कुणी हात बांधलेला इक्झिऑन, कुणी कॉकेशसवर जखडलेला प्रॉमिथिअस. एस्किलसच्या एका नाटकाच्या आधाराने आणखी एक कथा तो देतो: हर्क्युलिस लिगुरियातल्या लोकांशी लढत होता, बाण संपले, तो जखमी होऊन गुडघ्यावर आला, तेव्हा ज्युपिटरने त्याच्यासाठी दगडांचा पाऊस पाडला.

आता यातली खरी कोणती, हा प्रश्नच चुकीच्या जागी लागतो. आधी आकृती होती, गुडघा टेकलेली आणि नाव नसलेली. कवींनी आणि भाष्यकारांनी तिला आपापल्या कथेतला माणूस बसवून पाहिला. गुडघा का टेकला, याचं उत्तर प्रत्येक जण वेगळं देतो: थकवा, विनवणी, जखम, ओझं, शिक्षा. पुस्तिकेत हे सांगितलंत तर वाचकाला कथाही मिळतात आणि त्या कशा जन्मल्या तेही दिसतं. 'हर्क्युलिसचे बारा पराक्रम' असं सरळ लिहिलंत, तर आराटसला जे ठाऊक नव्हतं ते तुम्ही त्याच्या तोंडी घातलंत.

सगळ्याच तारकासमूहांत एवढी गर्दी नाही. कन्येला हायजिनस न्यायदेवता, सेरीस, फॉर्च्यून, इकारियसची मुलगी एरिगोनी, अपोलोची मुलगी पार्थेनोस असे पर्याय देतो. कृत्तिकांच्या बाबतीत कथा एका निरीक्षणातून निघते. नावं सात बहिणींची, दिसतात मात्र सहा, तेव्हा सातवी कुठे गेली? कुणी म्हणतं इलेक्ट्रा ट्रॉयच्या विनाशाच्या दुःखाने निघून गेली, कुणी म्हणतं मेरोपीने मर्त्य माणसाशी लग्न केलं म्हणून लाजेने ती फिकी झाली. आपल्याकडे कार्तिकेयाला वाढवणाऱ्या कृत्तिका सहाच. साम्य जरूर दाखवा, मात्र एकाने दुसऱ्याकडून घेतलं असा निष्कर्ष काढू नका. नुसत्या डोळ्यांना दोन्हीकडे सहाच तारे सहज दिसतात, तेवढं कारण पुरेसं आहे.

आता छापील आवृत्त्या. इथे एक गंमतीची उलटी गोष्ट आहे आणि ती लक्षात ठेवली तर साल बघून फसायला होत नाही. मजकूर जितका जुना, तितका तो आधी छापला गेला असं अजिबात नाही.

हायजिनस पहिल्यांदा छापला गेला १४७५ साली फेरारात, ऑगस्टिनस कार्नेरियसच्या छापखान्यात, चित्रांशिवाय. तुमच्याकडची आवृत्ती एर्हार्ड रॅटडोल्टची, व्हेनिस, १४ ऑक्टोबर १४८२. हा जर्मनीतल्या आउग्सबुर्गचा मुद्रक त्या वेळी व्हेनिसला होता, आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्याने युक्लिडची भूमिती आकृत्यांसह छापली होती. गणिती आकृत्या आणि चित्रं मजकुरासोबत बसवण्यात त्याचा हातखंडा होता. हायजिनससाठी मजकूर तपासण्याचं काम याकोबुस सेंटिनुस आणि योहानेस सांट्रिटर यांनी केलं. पुस्तकात लाकडी ठशांची ४७ चित्रं आहेत, तारकासमूहांची आणि ग्रहांची मिळून. छापील पुस्तकात तारकासमूहांची चित्रमालिका प्रथम आली ती इथे. रॅटडोल्टने १४८५ साली तेच पुस्तक पुन्हा काढलं, आणि १४८८ साली व्हेनिसच्याच तोमासो दे ब्लाविसने ते चित्रांसह छापलं.

आराटसचं ग्रीक काव्य मात्र १४९९पर्यंत थांबलं. व्हेनिसच्या आल्डुस मानुटियुसने त्या वर्षी जुन्या ज्योतिर्विद लेखकांचा जाडजूड संग्रह काढला, त्यात फिर्मिकुस, मानिलियुस, आराटसची सिसेरो, जर्मानिकस आणि आव्हिएनुस यांची लॅटिन रूपांतरं आणि थिऑनच्या नावावरच्या भाष्यासह आराटसचं ग्रीक मूळ आहे. 'कॅटॅस्टेरिझ्मी' तर छापखान्यात पोचलं १६७२ साली, ऑक्सफर्डला जॉन फेलने आराटसच्या आवृत्तीला जोडून दिलं तेव्हा. म्हणजे ज्या एराटोस्थेनिसचं नाव हायजिनस वारंवार घेतो, त्याच्या नावावरचा ग्रीक संक्षेप हायजिनसनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी छापला गेला. त्या दोन शतकांत युरोपातल्या वाचकांना या कथा मुख्यतः हायजिनसच्या लॅटिनमधून ठाऊक होत्या. म्हणून या पुस्तकाचं महत्त्व मोठंच आहे, फक्त ते मूळ झरा म्हणून नव्हे, मधला मोठा पाट म्हणून.

१५३५ची बाझेलची आवृत्तीही तुमच्या शोधात येईलच. याकोब मिक्युलुसने ती संपादित केली. तिच्यात 'फाबुलाए' पहिल्यांदा छापली गेली आणि त्यासोबत तारकासमूहांचा ग्रंथही आला. 'फाबुलाए'चं एकच हस्तलिखित त्याच्या हाती होतं, ते वाचायला अतिशय अवघड अशा बेनेव्हेंटन लिपीत. छपाईनंतर ते हस्तलिखित सुटलं-विखुरलं, त्याचे तुकडे पुढे सापडले ते इतर पुस्तकांच्या बांधणीत वापरलेल्या चामडी कागदांवर. त्यामुळे 'फाबुलाए'साठी आज ती छापील प्रत हाच मुख्य साक्षीदार आहे. तारकासमूहांच्या ग्रंथाचं तसं नाही. त्याची नवव्या शतकापासूनची बरीच हस्तलिखितं शिल्लक आहेत. म्हणून १४८२चा मजकूर हा त्या ग्रंथाचा अनेकांतला एक पाठ आहे, शेवटचा शब्द नव्हे. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, तेव्हा जुन्या छापील पोथ्यांकडे जसं पाहिलं गेलं, तसंच इथेही पाहायचं.

म्हणून कथांसाठी माझी शिफारस सरळ आहे. लॅटिन वाचता येत असेल तर जिस्लेन व्हिरेची १९९२ची टॉयब्नर आवृत्ती किंवा आंद्रे ल बफलची १९८३ची फ्रेंच भाषांतरासह आवृत्ती घ्या. इंग्रजीवर भागवायचं असेल तर रॉबिन हार्डचं २०१५चं ऑक्सफर्ड वर्ल्ड्स क्लासिक्समधलं भाषांतर सर्वांत सोयीचं, कारण त्यात एराटोस्थेनिसचा संक्षेप आणि हायजिनस प्रत्येक तारकासमूहाखाली शेजारी-शेजारी दिलेले आहेत आणि आराटसही आहे. संदर्भ देताना पान क्रमांक देऊ नका. भाग आणि प्रकरण द्या: गुडघा टेकलेल्याचा मजकूर म्हणजे हायजिनस २.६. कुठल्याही आवृत्तीत तो त्याच क्रमांकाखाली मिळतो. आधुनिक भाषांतरं कॉपीराइटमध्ये असतात, तेव्हा त्यातली वाक्यं मराठीत जशीच्या तशी उतरवू नका. कथा आपल्या शब्दांत सांगा आणि मूळ ग्रंथाचा क्रमांक द्या.

तरीही १४८२चं पान स्वतः वाचायचं असेल तर काही गोष्टी माहीत हव्यात, नाहीतर पहिल्याच ओळीत अडकायला होतं. छपाई गोलसर गॉथिक वळणाच्या खिळ्यांची आहे आणि हस्तलिखितातले संक्षेप जसेच्या तसे खिळ्यांत आले आहेत. स्वरावर आडवी रेघ दिसली तर पुढचा म किंवा न गाळलेला आहे. ही रेघ म्हणजे जवळजवळ आपला अनुस्वारच: 'स्तेल्ला' या शब्दातल्या शेवटच्या स्वरावर रेघ असेल तर वाचायचं 'स्तेल्लाम'. पी या अक्षराच्या पायाला आडवी काट असेल तर तो 'पेर'. शब्दाच्या मध्ये येणारा लांब एस हुबेहूब एफसारखा दिसतो, यू आणि व्ही यांत भेद नाही, आणि जिथे आजच्या आवृत्त्या एई असं जोडाक्षर छापतात तिथे बहुधा नुसता ई असतो. याच कारणांनी या पानांवर संगणकाची अक्षरओळख चालवली तर हाती कचरा येतो. एक परिच्छेद निवडा, आधुनिक आवृत्तीतलं तेच प्रकरण शेजारी ठेवा आणि ओळीने ओळ जुळवत जा. पाच-सहा पानांनंतर डोळा बसतो.

पानांवर आजच्यासारखे क्रमांक नसतात. प्रत्येक फर्म्याच्या, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेल्या कागदांच्या जुडीच्या, पहिल्या काही पानांच्या तळाशी अक्षर आणि आकडा असतो, बांधणाऱ्याला क्रम कळावा म्हणून. म्हणून ग्रंथालयं 'फर्मा अमुक, पान तमुक, पुढची किंवा मागची बाजू' अशा पद्धतीने जागा सांगतात. छपाईचं साल आणि गाव मुखपृष्ठावर न शोधता शेवटी, पोथीच्या पुष्पिकेसारख्या मजकुरात पाहायचं.

तिथे रोमन तारीख असते, आणि ती उलगडताना चूक होते. मार्च, मे, जुलै आणि ऑक्टोबर या चार महिन्यांत 'ईदस', म्हणजे महिन्याच्या मध्याचा ठरलेला दिवस, पंधराव्या दिवशी येतो, बाकीच्या महिन्यांत तेराव्या. त्यामुळे 'ऑक्टोबरच्या ईदसच्या आदल्या दिवशी' म्हणजे १४ तारीख, १२ नव्हे. महिन्याच्या उत्तरार्धात पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून, म्हणजे 'कालेंद'पासून, मागे मोजतात, आणि मोजताना दोन्ही टोकं धरतात: २२ जानेवारी म्हणजे 'फेब्रुवारीच्या कालेंदच्या आधी ११'. शिवाय व्हेनिसच्या सरकारी गणनेत वर्ष १ मार्चला सुरू होई, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीच्या तारखा असलेल्या व्हेनिसच्या पुस्तकांत सालाचा घोळ होऊ शकतो. अशा वेळी स्वतः ठरवत बसू नका. पंधराव्या शतकातल्या छापील पुस्तकांची आयएसटीसी ही आंतरराष्ट्रीय सूची इंटरनेटवर आहे, तिच्यातलं साल घ्या. ती सूची कुठल्या ग्रंथालयाने प्रत स्कॅन करून ठेवली आहे तेही दाखवते.

आता चित्रं, म्हणजे तुमचा पहिला प्रश्न. 'प्राचीन ग्रीक चित्र' अशी ओळ या ठशांखाली अजिबात देऊ नका. पोशाख, मुद्रा, रेषा सगळं पंधराव्या शतकातलं आहे. दुसरी मोठी गोष्ट ताऱ्यांची. या चित्रांत आकृत्यांच्या अंगावर तारे कोरलेले आहेत, पण ते आकाशातल्या जागांशी जुळत नाहीत, बऱ्याचदा हायजिनसच्या मजकुराशीही जुळत नाहीत. कारण मजकुरातच आहे. हायजिनस तिसऱ्या भागात 'डोक्यात एक, प्रत्येक खांद्यावर एक' अशी मोजणी देतो. अंतर नाही, कोन नाही, सहनिर्देशक नाहीत. एवढ्या माहितीवर ठसा कोरणारा आकृती आधी काढणार आणि तारे मग जागा दिसेल तिथे टाकणार. टॉलेमीच्या 'अल्माजेस्ट'मध्ये मात्र ४८ तारकासमूहांतल्या हजाराहून अधिक ताऱ्यांचे भोग आणि शर, म्हणजे आकाशातले सहनिर्देशक, दिलेले आहेत. त्या परंपरेतून पुढे १५१५ साली आल्ब्रेख्त ड्यूररने उत्तर आणि दक्षिण आकाशाचे दोन नकाशे लाकडी ठशांत छापले आणि त्यात तारे मोजून बसवले. म्हणजे आकाशात बोट दाखवून ओळखायला उपयोगी असं चित्र हवं असेल, तर १४८२चं घेऊ नका, ड्यूररचं घ्या, फक्त ते खगोलगोलासारखं बाहेरून पाहिल्याप्रमाणे, म्हणजे आकाशात दिसतं त्याच्या उलटं आहे, हे सांगा. उत्तर नकाशाच्या चार कोपऱ्यांत आराटस, टॉलेमी, मानिलियुस आणि अरब ज्योतिर्विद अल-सूफी यांची चित्रं आहेत. तुमच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठाला याहून नेमकं काही मिळणार नाही.

प्राचीन परंपरेच्या जवळचं चित्र हवं असेल, तर ते छापखान्यात नाही, हस्तलिखितात आहे. लायडनच्या विद्यापीठात नवव्या शतकातलं एक हस्तलिखित आहे, जर्मानिकसच्या रूपांतराचं, निळ्या पार्श्वभूमीवर पूर्ण पानभर आकृत्या आणि त्यांच्यावर सोनेरी तारे. ते उशिराच्या रोमन काळातल्या नमुन्यावरून उतरवलं असावं असं अभ्यासक मानतात. ह्युगो ग्रोटियुसने वयाच्या सतराव्या वर्षी, १६०० साली, लायडनलाच आराटसच्या रूपांतरांचा संग्रह छापला. त्यातल्या आकृत्या याकोब दे गेइनने याच हस्तलिखितावरून ताम्रपटावर कोरल्या. ब्रिटिश लायब्ररीत नवव्या शतकातलंच आणखी एक हस्तलिखित आहे, हार्ले ६४७. त्यात आकृतीचं शरीर रंगाने न भरता हायजिनसच्या मजकुराने भरलं आहे: शब्दांनीच प्राण्याचा आकार उभा केलेला, आणि खाली सिसेरोच्या ओळी. कथा आणि आकृती यांचं नातं दाखवायला याच्यासारखं पान नाही.

आणखी एक तांत्रिक फसगत उजव्या-डाव्याची. लाकडावर उलटं कोरावं लागतं, तेव्हा छापल्यावर सुलट येतं. दुसऱ्याच्या छापील चित्राची नक्कल करणारा कारागीर ते समोर ठेवून तसंच कोरत गेला, तर छापताना आकृती फिरते. त्यात आकाश पाहण्याच्या दोन रीती मिसळतात. जमिनीवरून वर पाहिलं तर एक बाजू दिसते. खगोलगोलावर आपण बाहेरून पाहतो, त्यामुळे उलटी. नेपल्सच्या संग्रहालयातल्या फार्नेसी ॲटलासच्या खांद्यावरचा संगमरवरी गोल असाच बाहेरून पाहायचा आहे. म्हणून दोन चित्रांत मेष विरुद्ध दिशांना पाहताना दिसला, तर एखादं चूक आहे असं लगेच धरू नका.

थोडं मागे वळून: कथेसाठी आधुनिक आवृत्ती, ओळखण्यासाठी ड्यूरर, जुन्या चित्रपरंपरेसाठी लायडनचं हस्तलिखित, आणि १४८२ची चित्रं वापरायचीच असतील तर छापील पुस्तकाच्या इतिहासाचा नमुना म्हणून. चित्राखाली ओळ अशी द्या: 'हायजिनसच्या ग्रंथातलं चित्र, लाकडी ठसा, मुद्रक एर्हार्ड रॅटडोल्ट, व्हेनिस १४८२', आणि ज्या ग्रंथालयाची प्रत आहे तिचं नाव. ग्रंथालयाच्या वापराच्या अटी प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. छापील पुस्तिकेसाठी त्या पाहूनच घ्या.

मराठी पुस्तिका म्हणून एक सापळा आपल्याकडचा आहे. कॅसिओपियाला शर्मिष्ठा, अँड्रोमेडाला देवयानी, पर्सिअसला ययाती, सेफिअसला वृषपर्वा ही नावं मराठी आकाशदर्शनात पक्की रुजली आहेत. ती सोयीची आहेत आणि चारही जण महाभारतातल्या एकाच कथेतले, म्हणून मनात राहतात. पण हे नामांतर अलीकडचं, ग्रीक समूहांसाठी मराठी शब्द हवे होते म्हणून केलेलं. नाव 'देवयानी' आणि कथा समुद्रराक्षसापुढे बांधलेल्या मुलीची, असं एका पानावर आलं की वाचक गोंधळतो आणि महाभारतात शुक्राचार्यांच्या मुलीला खडकाला बांधलं होतं अशी समजूत घेऊन जातो. शीर्षकात मराठी नाव, कथेत ग्रीक नाव, आणि एका ओळीत 'मराठी नाव नंतरचं' असा खुलासा, एवढं प्रत्येक ठिकाणी करा.

राशींचं उलट आहे. तिथे ग्रीकांशी खरा जुना धागा आहे. वराहमिहिराच्या 'बृहज्जातका'त राशींची क्रिय, ताबुरि, जितुम, लेय, पाथोन, जूक, कौर्प्य, तौक्षिक, आकोकेर, हृद्रोग अशी नावं येतात, ती क्रिओस, टाउरोस, डिडिमोई, लेऑन, पार्थेनोस, झिगोन, स्कॉर्पिओस, टॉक्सोटेस, आयगोकेरोस, हिद्रोखोओस या ग्रीक शब्दांची संस्कृत रूपं आहेत. नावं आली, कथा मात्र त्यांच्यामागून आल्या नाहीत. त्यातलं 'जूक' बघण्यासारखं आहे. झिगोन म्हणजे तराजूचा दांडा. आराटसच्या काव्यात मात्र तूळ राशीच्या जागी वृश्चिकाच्या नांग्या आहेत, आणि हायजिनस सांगतो की वृश्चिक एवढा मोठा की त्याचे दोन भाग पडले, त्यातल्या एकाला आपले लोक तूळ म्हणतात. म्हणून प्राचीन लेखांवरून तुळेची कथा शोधत बसू नका, तिथे कथा जवळपास नाहीच.

शेवटी, पुस्तिकेसोबत मैदानात करून पाहण्यासारखी एक गोष्ट. आराटस म्हणतो, गुडघा टेकलेल्याचा उजवा पाय सर्पाच्या डोक्यावर आहे. हिप्पार्कस या ग्रीक ज्योतिर्विदाने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात त्याची चूक दाखवली: आकृती आपल्याकडे तोंड करून आहे असं धरायचं, आणि तसं धरलं तर तो पाय डावा. जून-जुलैत ढग नसतील अशा रात्री, शौरी माथ्याजवळ आला की उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. महाराष्ट्रातून तो माथ्याच्या थोडा उत्तरेला असतो, त्यामुळे डोकं वर आणि पाय ध्रुवाच्या बाजूला असा सरळ दिसतो. कालेयाच्या डोक्याचा चौकोन क्षितिज आणि माथा यांच्या निम्म्याहून थोडा वर शोधा. त्याला लागून असलेला पाय तुमच्या उजव्या हाताकडे आहे. शौरी तुमच्याकडे पाहतोय असं समजा आणि मग तो त्याचा कोणता पाय, ते लोकांना विचारा.